वेगळे कोणत्या तारखेपासून? जर्मनीतील जोडीदाराच्या परवान्याची गोष्ट



आपल्या अंकात आजवर पाककृती झाल्या, मुलांची चित्रे झाली, सहलींचे वृत्तान्त झाले, कराचा अर्ज कसा भरावा हेही झाले. घटस्फोटावर मात्र कोणी लिहिल्याचे आम्हाला आठवत नाही. विषय निघाला की मंडळी चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलाकडे सरकतात. आम्हीही सरकलो आहोत. पण गेल्या गणपतीत विसर्जनानंतर हॉल झाडायला थांबलो होतो, तेव्हा एक ताई मागे राहिल्या. खुर्च्या रचून झाल्यावर त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचा फोल्डर काढला आणि म्हणाल्या, ‘‘दादा, हे जरा वाचून द्याल का? मला वाचता येते, पण वाचवत नाही.’’

पत्र आउसलेंडरबेहोर्डेचे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचे होते. त्याचा अर्थ थोडक्यात असा : आपला परवाना आपण पतीबरोबर एकत्र राहत असल्यामुळे दिलेला होता. आपण सादर केलेल्या भारतीय निकालपत्रानुसार हे एकत्र राहणे सुमारे सव्वादोन वर्षांनी संपले. कायद्याला तीन वर्षे लागतात. तेव्हा परवाना न वाढवण्याचा विचार आहे. काही म्हणणे असल्यास मुदतीत कळवावे.

ताई प्रत्यक्षात जर्मनीत नवऱ्याबरोबर तीन वर्षे चार महिने राहिल्या होत्या. मग सव्वादोन कुठून आले? ते आले गावाकडच्या वकिलांच्या कागदातून. दोघांनी संमतीने वेगळे व्हायचे ठरवले आणि ताई घर सोडून गेल्या. पुढच्याच महिन्यात तिकडे अर्ज दाखल झाला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे संमतीच्या अर्जात ‘आम्ही एक वर्ष किंवा अधिक काळ वेगळे राहत आहोत’ असे लिहावे लागते. वकिलांनी ते लिहिले, नेहमीच लिहितात. ताईंनी सही केली. निकाल लागला. पुढे इथे नाव बदलण्यासाठी निकालाचे जर्मन भाषांतर करून द्यावे लागले, आणि तिकडच्या न्यायालयात कोणी ढुंकूनही न पाहिलेली ती ओळ इथल्या अधिकाऱ्याने नीट वाचली.

त्या संध्याकाळपासून आम्ही हा विषय वाचतो आहोत. आम्ही वकील नाही; आमचे काम रसायनशाळेतले. पण रसायनाच्या बाटलीवर दोन तारखा असतात, एक कारखान्यातली आणि एक आपण झाकण उघडल्याची, आणि पुष्कळ रसायनांच्या बाबतीत दुसरीच महत्त्वाची असते, हे आम्ही रोज पाहतो. इथेही तसेच आहे. लग्नाची तारीख आणि घटस्फोटाची तारीख सगळ्यांना पाठ असते. जर्मन कायदा तिसरीच तारीख विचारतो : तुम्ही एकत्र राहणे कधी थांबवले? हे असे का, ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

पश्चिम जर्मनीत परदेशी माणसांसाठी युद्धानंतरही बरीच वर्षे २२ ऑगस्ट १९३८ चा, म्हणजे नाझी काळातला पोलिसी नियमच वापरात होता. १९५१ पासून तो पुन्हा लागू धरला गेला. त्यामागची कल्पना अशी की परदेशी माणूस हा पाहुणा. पाहुणचाराला पात्र असेल तोवर राहील. त्याच्या जागी २८ एप्रिल १९६५ चा परदेशी नागरिक कायदा आला. भाषा सुधारली, पण मूळ सूत्र असे की देशाच्या हिताला बाध येत नसेल तर परवाना देता येईल. ‘देता येईल’, ‘दिला जाईल’ नव्हे. देशाचे हित कशात आहे हे टेबलापलीकडचा अधिकारी ठरवणार. बायकोच्या, नवऱ्याच्या स्वतंत्र हक्काचा त्यात उल्लेखही नव्हता.

ही ‘देता येईल’ची भिंत पहिल्यांदा हलवणारा माणूस भारतीय होता, हे आम्हाला ठाऊक नव्हते. हा गृहस्थ १९६१ साली प्रशिक्षणासाठी आला, पुढे नोकरीला लागला. परवाना दर वेळी विनातक्रार वाढत गेला. १९७३ मध्ये एकदम नकार आला : जर्मनी हा स्थायिक होण्याचा देश नाही. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला परदेशी कामगार भरतीही थांबली. गृहस्थ कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयापर्यंत गेले. २६ सप्टेंबर १९७८ रोजी न्यायालयाने म्हटले की वर्षानुवर्षे नेमाने परवाना वाढवत आल्यावर माणूस त्यावर विसंबून आयुष्य उभे करतो. तो विश्वास असा एका फटक्यात मोडता येत नाही. जर्मन कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल ‘त्या भारतीयाचा खटला’ म्हणूनच ओळखला जातो. त्याच वर्षी पाच वर्षांनंतर मुदतीचे बंधन नसलेला परवाना देण्याचा नियम झाला.

पण हे सारे नोकरी करणाऱ्याचे. त्याच्यामागून आलेल्या जोडीदाराचा परवाना म्हणजे त्याच्या परवान्याची सावली. झाड हलले की सावली हलणार. जोडीदाराला नोकरीही सहज करता येत नसे. १९७० आणि ८० च्या दशकांत कामाच्या परवान्यासाठी काही वर्षे थांबावे लागे. आपल्या देशाचेच उदाहरण घ्या. साठच्या दशकापासून केरळहून परिचारिका इथल्या रुग्णालयांत आल्या. पुढे त्यांची लग्ने झाली, नवरे मागून आले, आणि शिकलेसवरलेले ते पुरुष कामाच्या परवान्याची वाट पाहत वर्षानुवर्षे घरी मुले सांभाळत बसले. आपल्याकडेही आता ब्लू कार्ड बायकोचे आणि नवरा तिच्या परवान्यावर, अशी घरे दिसतात. म्हणून हा बायकांचा विषय म्हणून पुरुष वाचकांनी पान उलटू नये. कायद्यात शब्द ‘जोडीदार’ असाच आहे.

सावलीचा हा हिशेब जर्मन बायकांनाही चुकला नव्हता. १९१३ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परदेशी पुरुषाशी लग्न केलेली जर्मन स्त्री आपले नागरिकत्व गमावत असे. लग्नाने ती परकी, आणि जर्मनाशी लग्न करणारी परकी स्त्री आपोआप जर्मन. नव्या राज्यघटनेतल्या स्त्री-पुरुष समानतेमुळे १ एप्रिल १९५३ पासून पहिला नियम टिकला नाही. तरी लग्नातून झालेल्या मुलाला आईकडून नागरिकत्व मिळायला १९७५ उजाडावे लागले.

१९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकवर हल्ला झाला. त्यानंतर अनेक पॅलेस्टिनी विद्यार्थी आणि कामगारांना देशाबाहेर काढण्यात आले. त्यांतल्या काहींच्या बायका जर्मन होत्या. ‘माझ्याच देशात माझ्या नवऱ्याला राहता येत नाही’ हे कळलेल्या या बायकांनी त्याच वर्षी फ्रँकफुर्टमध्ये संघटना काढली. रोझी वोल्फ-अलमनसरेह यांनी तिची सुरुवात केली. आज ती द्विराष्ट्रीय कुटुंबांची संघटना म्हणून अनेक शहरांत काम करते. सुरुवात नवऱ्यांना इथे ठेवण्यासाठी झाली. पण संघटनेच्या सल्लाकेंद्रांत पुढे उलटे प्रश्नही येऊ लागले : लग्न मोडले तर परदेशी जोडीदाराचे काय? तेव्हाचे उत्तर ‘अधिकाऱ्याच्या मनात असेल तसे’ यापलीकडे फारसे जात नव्हते.

पहिले लेखी उत्तर ९ जुलै १९९० च्या नव्या परदेशी नागरिक कायद्यात आले. गृहमंत्री व्होल्फगांग शॉयब्ले होते. कायदा १ जानेवारी १९९१ पासून लागू झाला. कलम १९ म्हणत होते : पती-पत्नी जर्मनीत कायदेशीरपणे चार वर्षे एकत्र राहिले असतील, तर त्यानंतर लग्न मोडले तरी जोडीदाराला स्वतःचा परवाना मिळेल. विशेष कठीण परिस्थिती असेल तर तीन वर्षे पुरतील. सावलीला पहिल्यांदा स्वतःचे पाय फुटले, पण चार वर्षांनी.

चार वर्षे हा आकडा कागदावर लहान दिसतो. मारहाण होणाऱ्या घरात तो फार मोठा असतो. तीन वर्षांच्या आत घर सोडले तर कितीही कठीण परिस्थिती असो, कलम १९ कामाचे नव्हते. फ्राउएनहाउस, म्हणजे घर सोडून आलेल्या स्त्रियांना आसरा देणाऱ्या संस्था, त्या दशकात हेच सांगत राहिल्या की बाई कॅलेंडरवर दिवस मोजत मार खाते, आणि मारणाऱ्यालाही कॅलेंडर वाचता येते. ‘जास्त बोललीस तर तिकीट काढून देईन’ ही धमकी नवऱ्याची असली तरी तिला दात कायद्याने दिले होते. हे आम्ही जरा तिखट लिहितो आहोत याची कल्पना आहे.

१ नोव्हेंबर १९९७ पासून एक बदल झाला : चार वर्षांचा नियम तसाच, पण कठीण परिस्थितीसाठी किमान मुदतीची अट गेली. मात्र ‘विशेष’ कठीण या शब्दाच्या जागी ‘असाधारण’ कठीण हा शब्द घातला. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने वाटी लहान केली. खरा बदल १ जून २००० ला झाला. नवीन सरकारने चार वर्षांची दोन वर्षे केली आणि ‘असाधारण’ पुन्हा ‘विशेष’ झाले. १ जानेवारी २००५ ला नवा निवास कायदा आला, त्यात हेच कलम ३१ क्रमांकाने गेले. आजही पत्रांत तोच क्रमांक दिसतो.

आणि मग काटा उलटा फिरला. १ जुलै २०११ पासून दोनाची तीन वर्षे झाली. कारण सांगितले गेले ते खोट्या लग्नांचे : केवळ परवान्यासाठी लग्न करणारे दोन वर्षे थांबतात, तीन थांबणार नाहीत. गंमत अशी की ज्या कायद्याने हे केले तो जबरदस्तीच्या लग्नाविरुद्धचा कायदा होता. त्यानेच जबरदस्तीचे लग्न लावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला, ही चांगली गोष्ट. त्यानेच कलम ३१ मध्ये घरगुती हिंसाचार ही कठीण परिस्थिती आहे असे स्पष्ट लिहिले, हीही चांगली गोष्ट. आणि त्यानेच बाकी सगळ्यांना एक वर्ष जास्त थांबायला लावले. खोटी लग्ने त्यामुळे किती थांबली ते सरकार जाणे. खऱ्या लग्नातल्या माणसांचे एक वर्ष मात्र नक्की वाढले.

चार, दोन, तीन. आपल्या मंडळात तिन्ही काळांतली माणसे आहेत, त्यामुळे सल्लेही तिन्ही काळांतले मिळतात. जुन्या मंडळींपैकी कोणी ‘चार वर्षे लागतात’ म्हणते, २००० नंतर ग्रीन कार्डावर आलेले ‘दोन’ म्हणतात. दोघेही आपापल्या काळापुरते बरोबर. आज तीन आहेत.

आता ही तीन वर्षे कशाची? इथेच आपली माणसे फसतात. लग्न होऊन तीन वर्षे, असे नव्हे. पुण्यात वर्षभर संसार केला, मग इथे आलात, तर पुण्याचे वर्ष धरत नाहीत. एकत्र राहणे जर्मनीत हवे, कायदेशीर परवान्यावर हवे, आणि सलग हवे. कायमचे म्हणून वेगळे झालात आणि वर्षाने पुन्हा एकत्र आलात, तर आधीचे तुकडे सहसा जोडून मिळत नाहीत. मोजणी नव्याने सुरू होते. बाळंतपणाला माहेरी जाऊन येणे म्हणजे वेगळे होणे नव्हे. एकाची नोकरी स्टुटगार्टला आणि दुसऱ्याची बर्लिनला, एवढ्यानेही संसार मोडत नाही, पण मग येण्याजाण्याचा, एकत्र खर्चाचा पुरावा ठेवावा लागतो.

उलट, एकाच घरात राहूनही वेगळे होता येते. जर्मन नागरी संहितेचे कलम १५६७ तसे म्हणते : स्वयंपाक वेगळा, खोली वेगळी, संसार वेगळा, तर एका छपराखालीही तुम्ही विभक्त. १ जुलै १९७७ पासून जर्मनीत घटस्फोटासाठी कोणाची चूक ते विचारत नाहीत, लग्न मोडले आहे का ते विचारतात, आणि त्यासाठी साधारणपणे एक वर्ष वेगळे राहणे दाखवावे लागते. त्याला ट्रेनुंग्सयार म्हणतात. हे वर्ष लवकर संपावे म्हणून ‘आम्ही खरे तर गेल्या दिवाळीपासूनच वेगळे आहोत’ असे सांगून टाकण्याचा मोह होतो. घटस्फोट लवकर मिळतो खरा, पण परवान्याच्या हिशेबातून तेवढे महिने वजा होतात.

ही गाठ आपल्याकडच्या कायद्यातही तशीच आहे. कलम १३-ब १९७६ मध्ये आले. ‘वेगळे राहणे’ म्हणजे घर वेगळे असलेच पाहिजे असे नाही, नवरा-बायको म्हणून न राहणे एवढे पुरे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. त्यामुळे तिकडचे वकील ते वर्ष ऐसपैस धरतात. तिकडे त्याने कोणाचे बिघडत नाही, कारण भारतात राहण्याचा हक्क लग्नावर टांगलेला नसतो. इथे असतो.

एकत्र राहण्याशी कायद्याचा संबंध आपल्याला नवा नाही. १८८४ मध्ये मुंबईत दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाईंनी नांदायला यावे म्हणून दावा लावला. लहानपणी लागलेले ते लग्न रखमाबाईंना मान्य नव्हते. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंग. तुरुंग पत्करीन पण जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि त्या लंडनला जाऊन १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. त्या वेळी कायदा म्हणत होता, राहिलेच पाहिजेस. इथला कायदा म्हणतो, राहिलीस तरच. फरक आहेच, पण घराचा उंबरा हीच सरकारची मोजपट्टी, हे साम्य आम्हाला चमत्कारिक वाटते. आणि ज्यांना घटस्फोट हे पाश्चात्यांचे खूळ वाटते त्यांनी ‘काडीमोड’ हा शब्द किती जुना आणि किती मराठी आहे ते आठवावे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही कलम २९ मध्ये रूढीने चालत आलेली ही सोडचिठ्ठी शाबूत ठेवली, आणि त्याआधी १९४७ मध्ये मुंबई प्रांताने स्वतःचा हिंदू घटस्फोट कायदा केला होता.

असो. ताईंच्या फोल्डरकडे परत येऊ. आम्ही दोन शनिवार त्यांच्या स्वयंपाकघरात कागद पसरून बसलो. तेव्हा लक्षात आले की एका विभक्त होण्याच्या चार तारखा सरकारदरबारी पडलेल्या होत्या. भारतीय अर्जातली एक. पत्त्याच्या नोंदणीची दुसरी. घर बदलल्यावर दोन आठवड्यांत नोंद करायची असते, ताईंनी ती सहा आठवड्यांनी केली, कारण त्या आधी मैत्रिणीकडे राहत होत्या. तिसरी कर-कार्यालयातली. पती-पत्नींना एकत्र कर भरण्याची सवलत वर्षातला एक दिवस जरी एकत्र राहिले तरी त्या वर्षापुरती मिळते, म्हणून नवऱ्याने तिथे जानेवारीची तारीख लिहिली होती. चौथी ताईंनी स्वतः परदेशी नागरिक कार्यालयाला सांगितलेली, आणि खरी. प्रत्येक कार्यालयाला त्या वेळी सोयीची तारीख मिळाली. ही कार्यालये एकमेकांशी बोलत नाहीत अशी आपली समजूत असते. बोलत नसतील, पण एकाचा कागद आपण स्वतःच दुसऱ्याला नेऊन देतो.

इथे एक स्पष्ट लिहिले पाहिजे. तारीख मागेपुढे करा असा सल्ला हा अंक देत नाही. परवान्यासाठी खोटी माहिती देणे जर्मनीत गुन्हा आहे आणि तिकडे शपथपत्रावर खोटी सही करणे हाही गुन्हाच. ताईंची चूक हीच होती की त्यांनी तिकडच्या कागदावर न वाचता सही केली. संमतीचा अर्ज खरे वर्ष भरल्यावर दिला असता तर काहीही बिघडले नसते. वर्षभर थांबणे एवढाच खर्च होता. इथले न्यायालयही त्यांना घटस्फोट देऊ शकले असते. २१ जून २०१२ पासून युरोपीय नियमानुसार, वेगळे काही ठरवले नसेल तर, जिथे पती-पत्नी राहतात तिथला कायदा लागतो. मात्र हिंदू विवाह कायद्याखाली झालेल्या लग्नाचा परदेशी निकाल भारतात धरला जाईलच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या नरसिंह राव निकालापासून ठाऊक आहे. म्हणून पुष्कळ जण तिकडेच जातात. दोघेही भारतीय नागरिक असतील तर भारतीय निकाल जर्मनीत वेगळ्या मान्यतेशिवाय चालतो. एकाने जर्मन पासपोर्ट घेतला असेल तर राज्याच्या न्यायखात्याकडून मान्यता घ्यावी लागते.

तीन वर्षे भरलीच नसतील तर सगळे संपले असे नाही. जोडीदाराचा मृत्यू झाला आणि तोवर एकत्र राहत होते, तर मुदतीची अट लागत नाही. हिंसाचार असेल तर कठीण परिस्थितीचा आधार आहे, मात्र तिथे सांगून भागत नाही : डॉक्टरचा दाखला, पोलिसांत दिलेली तक्रार, फ्राउएनहाउसचे पत्र, शेजाऱ्याचे म्हणणे, असे काही लागते. आपल्या बायका डॉक्टरला ‘जिन्यात पडले’ सांगतात आणि तेच कागदावर राहते. २००२ पासून न्यायालय मारणाऱ्यालाच घराबाहेर काढू शकते. ११६ ०१६ हा फोन देशभर दिवसरात्र आणि फुकट चालतो, दुभाषाही मिळतो. युरोपभरच्या इस्तंबूल कराराला जर्मनी २०१८ मध्ये बांधली गेली, पण पीडितांच्या निवासाच्या हक्काचे काही भाग तिने राखून ठेवले होते. ते राखणे १ फेब्रुवारी २०२३ ला संपले.

मूल जर्मन नागरिक असेल तर त्याला सांभाळणाऱ्या पालकाला त्या मुलामुळेच राहता येते. आई किंवा बाबा पाच वर्षे इथे असून कायमचा परवाना असेल तर इथे जन्मलेले मूल जर्मन होते. २७ जून २०२४ पर्यंत त्यासाठी आठ वर्षे लागत. आणि जिच्या, ज्याच्या हातात शिक्षणाला साजेशी नोकरी आहे, त्याने परवाना नोकरीवर बदलून घेणे हे सर्वांत सोपे. आपल्याकडे जोडीदार म्हणून आलेल्या निम्म्या बायका इंजिनियर तरी आहेत नाही तर फार्मासिस्ट तरी. ‘सध्या आहे ना परवाना, मग कशाला अर्ज’ म्हणून त्या थांबतात.

माहेरी जाण्याबद्दल एक. परवानाधारक सहा महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिला तर परवाना आपोआप संपतो. ब्लू कार्डधारक आणि त्यांच्या कुटुंबाला बारा महिने मिळतात. ‘जरा आईकडे जाऊन ये, डोके शांत होईल’ असे म्हणून बायकोला पाठवायचे आणि परतीचे तिकीट लांबवत राहायचे, हे आमच्या कानावर एकाहून अधिक वेळा आले आहे. असे जाताना पासपोर्ट आणि परवान्याचे कार्ड स्वतःजवळ असावे.

गोव्याच्या मंडळींसाठी वेगळा हिशेब. डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, आणि तो पासपोर्ट असलेला जोडीदार युरोपीय नागरिक ठरतो. मग कलम ३१ नव्हे, तर युरोपचा २००४ चा निर्देश लागतो. तिथे घटस्फोटाचा दावा सुरू होईपर्यंत लग्नाला तीन वर्षे झालेली हवीत, त्यांतले एक जर्मनीत. म्हणजे इथे एकत्र राहण्याची नव्हे, दाव्याची तारीख! याचे मूळ बर्लिनमध्येच आहे. फ्रेंच पतीपासून वेगळी राहणारी सेनेगलची एक बाई बर्लिन राज्याविरुद्ध लढली, आणि १९८५ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले की पती-पत्नीने एका छपराखाली राहिलेच पाहिजे असे नाही. मात्र २०१५ मध्ये आयर्लंडमधून आलेल्या प्रकरणात, ज्यात एक भारतीय गृहस्थही होते, त्याच न्यायालयाने म्हटले की दावा सुरू होण्याआधीच युरोपीय जोडीदार देश सोडून गेला तर हा हक्क उरत नाही. एकाच इमारतीत दोन मराठी घरे, दोघांचे घड्याळ वेगळे.

ताईंचे पुढे असे झाले. वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले की भारतीय अर्जातली ओळ खोटी होती हे कबूल करावे लागेल, आणि ताईंनी ते केले. तो दिवस त्यांना सर्वांत जड गेला. मग पुरावे जोडले : दोघांच्या नावावरचे भाड्याचे कागद, बालवाडीशी दोघांनी केलेला पत्रव्यवहार, एकत्र केलेल्या प्रवासाची तिकिटे, आणि आपल्याच मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची वर्गणीची पावती, दोघांच्या नावाची. ती पावती आमच्या हस्ताक्षरातली होती. परवान्याचा अर्ज मुदतीत दिलेला असल्याने निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरणारा तात्पुरता दाखला मिळाला. सात महिने त्यावर गेले. शेवटी तीन वर्षे भरली होती हे मान्य झाले आणि एक वर्षाचा स्वतंत्र परवाना मिळाला. हे पहिले वर्ष सरकारी मदत घेतली तरी चालते, पुढे मात्र स्वतःच्या पायावर उभे असावे लागते. ताई आता एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत.

या लेखात त्यांचे नाव नाही, गाव नाही, आणि त्यांनी छापण्याआधी मजकूर वाचला आहे. दोन ठिकाणी त्यांनी आमचे जर्मन शब्दही दुरुस्त केले. वर्गणीच्या जुन्या पावत्यांची वही मंडळाच्या कपाटात आहे. कोणाला आपल्या पावतीची प्रत हवी असेल तर सभेच्या दिवशी मागून घ्यावी. पुढच्या अंकात मुलांच्या पासपोर्टावर दोन्ही पालकांच्या सह्या केव्हा लागतात याविषयी लिहू.